गोधडीवर नाव कुणाचं?

प्रश्न असा आला आहे: आमचा वीस जणींचा बचत गट आहे. ८ मार्चसाठी स्त्रियांच्या हक्कांवर एक आर्ट क्विल्ट, म्हणजे चित्रासारखी भिंतीवर लावायची गोधडी, करायचं चाललंय. पण गटातल्याच काही जणी म्हणतात, गोधडी शिवून कुणाला हक्क मिळालाय? शिवणटिपण तर बायकांच्या गळ्यात आधीच मारलेलं आहे. यात खरंच काही अर्थ आहे का? असेल तर सुरुवात कुठून करायची?

शंका काढणाऱ्या त्या बायकांना सोडू नका. पहिली सुई त्यांच्याच हातात द्या. त्यांची शंका रास्त आहे, आणि दीडशे वर्षं जुनीही.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात अ‍ॅबिगेल स्कॉट डनिवे नावाची बाई होती. सहा मुलांची आई, आणि बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून स्वतःचं साप्ताहिक चालवणारी. तुकडे जोडून क्विल्ट करणं ही बायकांच्या बिनपगारी गुलामीची खूण आहे, असं तिचं रोखठोक मत होतं. आणि तिनंच १८६९च्या नोव्हेंबरात षटकोनी तुकड्यांचं एक क्विल्ट जोडलं, ते तसंच पडून राहिलं, १९०० साली तिनं ते शिवून पुरं केलं आणि मताधिकाराच्या चळवळीला देऊन टाकलं. १९१२ साली सहाव्या खेपेच्या मतदानात ऑरेगनच्या बायकांना मत मिळालं तेव्हा तो जाहीरनामा लिहायचा मान तिला मिळाला. क्विल्टमुळे मत मिळालं असं मी म्हणत नाही. त्या कामाचा राग असणाऱ्या बाईलासुद्धा चळवळीला द्यायला घरातून तीच वस्तू सापडली, एवढंच सांगायचंय.

आणि ती वस्तू तरी तिची होती का? इंग्लंड-अमेरिकेच्या जुन्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. न्यूयॉर्क राज्यानं १८४८ साली त्यात बदल केला, बरीचशी राज्यं हळूहळू मागून आली. तोवर रात्री जागून, डोळे फोडून शिवलेलं पांघरूणही कायद्यानं तिचं नव्हतं. आपल्याकडे गोधडी कुणी कोर्टात नेली नाही, पण गोधडीवर शिवणारीनं नाव घातलेलं मी माझ्या लहानपणी एकदाही पाहिलं नाही. भांड्यांवर नावं असायची, तीसुद्धा बहुतेक देणाऱ्याची.

माझं तीस वर्षांच्या शिवणकामातून झालेलं मत एका ओळीत सांगते. स्त्री-हक्कांचं क्विल्ट चित्रामुळे बोलत नाही, ते नावामुळे बोलतं. कुणाचं नाव घातलं, कुणाचं मुद्दाम लपवलं, कुणाचं लावायचं राहून गेलं, यात सगळं आलं. मूठ वळलेला हात, तुटलेला पिंजरा, उडणारा पक्षी हे कापडावर काढायचं असेल तर फ्लेक्स छापून घ्या, स्वस्तात पडेल.

मला सगळ्यात प्रिय असलेला नमुना लंडनचा आहे. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या ज्या बायका तुरुंगात गेल्या आणि तिथे उपोषणाला बसल्या, त्यांतल्या ऐंशी जणींच्या सह्या लिननच्या ऐंशी तुकड्यांवर भरतकामानं उतरवलेल्या आहेत. मांडणी अ‍ॅन मॅकबेथ यांची. त्या ग्लासगोच्या कलाशाळेत भरतकाम विभागाच्या प्रमुख होत्या. कडेला चळवळीचे रंग, जांभळा, पांढरा आणि हिरवा. १९१०च्या वसंतात ग्लासगोला चळवळीचं प्रदर्शन होतं, तिथे विकण्यासाठी हे मैत्रीचं क्विल्ट म्हणून केलं होतं. चळवळीचे पुढारी असलेल्या पेथिक-लॉरेन्स पती-पत्नींनी ते दहा पौंडांना विकत घेतलं आणि त्याचा झेंडा करून घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या मोर्चात तो होता. म्हणजे अंथरुणावर पडणारी वस्तू महिन्या-दोन महिन्यांत रस्त्यावर उभी राहिली.

यात एक बारीक गोष्ट आहे. सह्या छापील अक्षरांत नाहीत. प्रत्येकीचं वळण वेगळं आहे, कुणाचं तिरकं, कुणाचं घाईचं. कागदावरची सही सुईनं जशीच्या तशी गिरवायची म्हणजे बाक आला की टाका लहान करावा लागतो, नाहीतर गोलाई मोडून कोन दिसतो. दुसऱ्या बाईची सही इतक्या सावकाश गिरवताना तिचं नाव हातात बसतं. तुमच्या गटात हे करून बघा. कुणीही आपलं नाव आपण शिवायचं नाही, शेजारणीचं शिवायचं.

नाव नसलं की काय होतं, त्याचा धडा न्यूयॉर्कला मिळाला. १९७० साली व्हिटनी म्युझियमच्या वार्षिक प्रदर्शनात बायकांना निम्म्या जागा द्या म्हणून चित्रकार फेथ रिंगगोल्ड आणि तिच्या सोबतिणींनी आंदोलन केलं. पुढच्याच वर्षी त्याच म्युझियमनं भिंतींवर क्विल्ट लावली. गर्दी झाली, कौतुक झालं, अमूर्त चित्रांशी तुलना झाली. बायकांचं काम भिंतीवर आलं, पण बहुतेक ठिकाणी करणारीचं नाव नव्हतं, आणि नावं शोधण्याची कुणाला घाईही नव्हती. कला-इतिहासकार पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ साली याच्यावर झोडपून लिहिलं. आपल्याकडेही हस्तकलेच्या दुकानात ‘ग्रामीण महिलांनी बनवलेले’ अशी चिठ्ठी लावतात ना, तोच प्रकार. ग्रामीण महिला हे नाव नव्हे.

१९७२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये रिंगगोल्ड यांनी तिबेटी थांका, म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रं, पाहिले. कापडी कडा, गुंडाळून बगलेत घ्यावेत असे. तेव्हापासून त्या चौकटीतून कापडावर आल्या. त्यांची आई विली पोझी कपड्यांच्या डिझायनर होत्या, मायलेकींनी १९८० साली पहिलं क्विल्ट मिळून केलं. आत्मचरित्र छापायला कुणी तयार होईना, तेव्हा १९८३पासून रिंगगोल्ड यांनी क्विल्टवरच गोष्ट लिहायला घेतली. छापणाऱ्याची परवानगी लागत नाही! पुढे त्यांची क्विल्ट मोठमोठ्या म्युझियममध्ये गेली. २०२४ साली त्या गेल्या.

त्यांच्या आधी शंभर वर्षं हॅरिएट पॉवर्स. जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेली, बायबलच्या गोष्टींचे अकरा चौकोन असलेलं क्विल्ट तिनं १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस जत्रेत मांडलं होतं. जेनी स्मिथ या चित्रकार बाईनं ते मागितलं तेव्हा दिलं नाही. पुढे १८९१च्या सुमारास घरात चणचण झाली म्हणून स्वतः विकायला आणलं. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. पण देताना तिनं प्रत्येक चौकोनाचा अर्थ सांगितला आणि जेनी स्मिथनं तो लिहून घेतला. नंतर ती आपलं क्विल्ट बघायला पुन्हा पुन्हा यायची म्हणतात. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे, आणि आपल्याला तिचं नाव माहीत आहे ते त्या लिहून घेतलेल्या कागदामुळे. कापड बोलतं वगैरे ठीक आहे, पण शेजारी चार ओळी लिहिलेला कागद हवाच.

आता ‘कुणाला हक्क मिळालाय’ या प्रश्नाचं खरं उत्तर. अलाबामातल्या विलकॉक्स काउंटीत अल्बर्टा आणि गीज बेंड भागातल्या काळ्या बायकांनी १९६६ साली फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. तिथे काळ्या माणसानं मतदार यादीत नाव घालायचं म्हणजे डोक्यावरचं छप्पर पणाला लावायचं, जमीनदार घराबाहेर काढत. गीज बेंडला तालुक्याच्या गावाशी जोडणारी नदीवरची होडीची फेरी १९६२ साली बंद झाली ती २००६पर्यंत सुरू झाली नाही. या बायकांनी क्विल्ट विकली, न्यूयॉर्कला लिलाव झाले, पुढे सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीचं उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. संस्थेनं जमीन घेतली, आणि मतासाठी बेघर झालेल्या काही कुटुंबांना त्यातले भूखंड विकत दिले. त्या क्विल्टवर ‘मताधिकार’ असं कुठेही लिहिलेलं नाही. जुन्या डेनिमचे आणि कॉर्डरॉयचे तुकडे आहेत. हक्काचं काम पैशानं केलं.

म्हणून विषय मांडायच्या आधी हिशेब मांडा. क्विल्ट विकणार का, कितीला, पैसे कुणाच्या खात्यात जाणार, त्याचा फोटो कुणी पिशवीवर छापला तर विचारायचं कुणाला. हे वहीत लिहून वीस जणींच्या सह्या घ्या. गीज बेंडच्या काही बायकांना २००७ साली याच गोष्टींसाठी कोर्टात जावं लागलं होतं. तेव्हा त्या जगप्रसिद्ध झालेल्या होत्या.

नाव लपवणं हाही हक्काचाच भाग असतो, याचं उदाहरण चिलीचं. १९७३ साली लष्करानं सत्ता घेतली, माणसं गायब व्हायला लागली. त्यांच्या आया-बायका-बहिणी सांतियागोच्या चर्चच्या आश्रयानं एकत्र बसून पोत्याच्या कापडावर चिंध्यांची चित्रं शिवायच्या. त्याला अर्पियेरा म्हणतात. वर अँडीजचे डोंगर, बहुतेक वेळा एक ठळक सूर्य, खाली सार्वजनिक स्वयंपाकाची चूल, बंद कारखाना, ‘ते कुठे आहेत?’ असा फलक धरलेल्या बाहुल्या. लांबून बघितलं तर पोरांच्या खोलीत लावावं असं गोड. काही बायकांनी हरवलेल्या माणसाचे कपडेच कापून वापरले. पुढे नाव नाही. पण पुष्कळ अर्पियेरांच्या पाठीमागे एक बारका खिसा असे आणि त्यात चिठ्ठी. चर्चमार्फत ही कापडं परदेशी गेली, तिथल्या लोकांनी भिंतीवर लावली आणि चिलीत काय चाललंय ते त्यांना कळलं. घरभाडं सुटायचं ते वेगळंच.

आपल्या देशातलं उदाहरण हवं तर बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातलं भुसुरा. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून नव्या बाळासाठी दुपटं शिवायची तिथली रीत, तिला सुजनी म्हणतात. १९८८ साली ‘अदिती’ संस्थेच्या विजी श्रीनिवासन यांनी तिथल्या बायकांबरोबर हे काम पुन्हा उभं केलं आणि मोर-माशांच्या जागी हुंडा, मारहाण, मुलीचं शिक्षण, गर्भातच मारलेल्या मुली असं सगळं आलं. चित्राची रेघ गडद साखळी टाक्याची, आणि मोकळी जागा कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं बारीक धावदोऱ्यात भरलेली. २००६ साली सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५मध्ये भुसुराच्या निर्मला देवींना पद्मश्री. इथे नाव पोचलं.

त्या कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यावरून मला आमच्या गोधडीची कल्पना सुचली, ती सांगते.

नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही सोळा जणी बसलो होतो. विषय सातबारा. ठरलं असं की प्रत्येकीचा एक चौकोन, पांढऱ्या जुन्या धोतराचा. सातबाऱ्यावर जिचं नाव आहे तिचं काळ्या दोऱ्यानं शिवायचं. जिचं नाही, तिचंही शिवायचं, पण पांढऱ्यावर पांढऱ्यानं. सोळातल्या पाच काळ्या निघाल्या. त्यातल्या दोघींच्या नावावर जमीन शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी, म्हणजे १९९०च्या आसपास, नवऱ्यांनी केलेली होती. एकीला वडिलांकडून वाटा आला होता, तो २००५च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर. उरलेल्या दोघी विधवा. माहिती गोळा करताना अर्ध्या जणींना आपलं नाव आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. मोबाइलवर उतारा काढून बघितला तेव्हा कळलं. माझ्या मते त्या गोधडीचं निम्मं काम तिथेच झालं, सुईत दोरा ओवायच्या आधी.

सत्तरीच्या एका आजींना मी म्हटलं, तुमच्या अंगठ्याच्या ठशाच्या रेघा शिवू, सुंदर दिसतील. त्या म्हणाल्या, “अंगठाच लावत आले आजवर. नाव घाल.” मी गप्प बसले. बाहेरून आलेल्या माणसाला सुंदर वाटतं ते आतल्या माणसाला नको असतं, हे मला इतक्या वर्षांनीही शिकावं लागतं.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये गोधडी लावली. पुरुषमंडळी आपापल्या घरचा चौकोन शोधत होती. एक जण बायकोला म्हणाला, “आपला कोरा का ठेवलाय?” ती म्हणाली, “कोरा नाही. जवळ या, अशी मान तिरकी करा.” खिडकीचा उजेड आडवा पडला की नाव दिसायचं. पुढे दोन घरांतून अर्ज गेले. एकीचं नाव लागलं, दुसरीकडे भाऊबंदकी आडवी आली आणि अजून अडकलेलं आहे. बाकीच्या नऊ पांढऱ्या होत्या, पांढऱ्याच आहेत.

त्या गोधडीत माझी एक चूक कायमची राहिली आहे. काठाला लाल आलवण घेतलं, नवंकोरं, न धुता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणाचा तरी चहा सांडला म्हणून कोपरा भिजवला आणि लाल रंग उतरून तीन पांढरे चौकोन गुलाबी झाले. मी रडकुंडीला आले होते. त्यातल्याच एकीनं ‘राहू दे, माझं तरी दिसतंय आता’ म्हणून मला गप्प केलं. पण तुम्ही असल्या योगायोगावर विसंबू नका. प्रत्येक कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवा, ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. डाग उमटला तर ते कापड वापरू नका.

आता तुमचं. विषय एकच धरा आणि तो घरातला असू दे. ‘महिला सक्षमीकरण’ हा विषय नाही, तो बॅनर आहे. नाव हाच धागा घ्यायचा तर हाताशी खूप आहे. लग्नानंतर बदललेली नावं घ्या: जुनं एका रंगात, नवं दुसऱ्या, आणि कितव्या वर्षी जुन्या नावानं शेवटची हाक कुणी मारली ते. किंवा आईचं नाव घ्या. १ मे २०२४नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर महाराष्ट्रात बाळाच्या नावापुढे आईचं, मग वडिलांचं नाव अशी रीत आली आहे. वीस जणींनी आपापलं नाव त्या पद्धतीनं शिवलं तर बघणाऱ्याला जीभ अडखळून वाचावं लागेल.

वीस चौकोन दहा-दहा इंचांचे, चार आडवे आणि पाच उभे, म्हणजे चाळीस बाय पन्नास. चारी बाजूंनी चार इंचांचा काठ. कापताना चौकोन अकरा इंचांचा कापा, शिवणीत जातो. कापड जिचं तिनं आणायचं, सुती आणि वापरलेलं. पॉलिस्टरमधून हातसुई निघत नाही, बोटं सोलतात. अक्षरं निदान एक इंच उंच, उलट्या टिपेनं. साखळी टाका देवनागरीच्या बारक्या वळणांत जाड दिसतो. शिरोरेषा शेवटी ओढा, आधी ओढली तर अक्षरं तिला लोंबकळल्यासारखी होतात. खूण पेन्सिलीनं करा, बॉलपेननं नाही. थर लावताना सतरंजी खाली घालून चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे काहीही ठेवा, पण कापड ताणू नका. मग काठाकडून आत धावदोरा घालत या. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका आपली गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच कडेकडून आत शिवत जातात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांत ‘फुला’ म्हणून त्रिकोणी तुकडा लावल्याशिवाय कवंदी उघडी समजतात. तुम्हीही एखादी अशी खूण ठरवा.

टांगायला चिमटे लावू नका, मधे झोळ पडतो. मागच्या बाजूला परकराला असतो तसा चार इंचांचा नेफा शिवून त्यातून बांबू घाला.

गटात कुणी अत्याचाराविषयी शिवणार असेल तर फार जपून. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका गटानं लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांच्या कहाण्या लाल कापडावर गोळा केल्या. चार-चार फुटांचे तीन हजार चौकोन झाले, २०१९ साली वॉशिंग्टनच्या मैदानावर ते पसरले. नाव घालायचं की नाही हे जिचं तिनं ठरवलं. आपल्याकडे बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तिनं लेखी संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. गावात तर नाव न घालताही साडीच्या तुकड्यावरून माणूस ओळखतात. अशा चौकोनाला कुणाचंही नसलेलं कापड वापरा, दुकानातून आणलेलं.

शेवटचं, वेळेचं. घरचं उरकून बसणाऱ्या बायकांना चौकोनाला दोन-तीन संध्याकाळी लागतील, पण थर शिवायला सहा जणी रोज बसल्या तरी तीन आठवडे सहज जातील. ८ मार्चला पुरं होणार नाही असं दिसलं तर रात्री जागून उरकू नका. तसंच अर्धवट लावा, दोरा ओवलेली सुई कापडात टोचून ठेवा, खाली एक स्टूल आणि सह्यांची वही. येईल त्याला दहा टाके घालायला लावा, पुरुषांनाही. वहीत त्यांची नावं आली की गोधडीच्या मागे नावांची एक चिठ्ठी लावा आणि तिच्यावर तुमच्या वीस नावांखाली तीही उतरवा, गाव आणि तारीख घालून.